स्लिपर ऑर्किड वाढत का नाही?

ऑर्किड आता फक्त बंगलेवाल्यांचे झाड राहिलेले नाही. कुणी पुण्या-मुंबईच्या नर्सरीतून आणतो, कुणी ऑनलाइन मागवतो, कुणी गंगटोक-कालिम्पाँगच्या सहलीहून परतताना पिशवीत घालून आणतो. त्यांतले डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस बऱ्याच घरांत साधले आहेत. पण ज्याच्या फुलाला पुढे चपलेच्या टोकासारखी पिशवी असते, त्या स्लिपर ऑर्किडबद्दल एकच तक्रार आम्ही पालक-सभेपासून शादीच्या मांडवापर्यंत ऐकत आलो आहोत: "मरत नाही, पण वाढतही नाही."

या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, झाड स्वभावानेच संथ आहे आणि आपल्याला घाई झाली आहे. दुसरी, झाड खरोखर अडले आहे आणि पानांत साठलेल्या पुंजीवर दिवस काढते आहे. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पहिल्यावर उपचार करायला गेलात तर चांगले झाड बिघडते, आणि दुसऱ्याला "संथच असते ते" म्हणून सोडून दिले तर वर्ष-दीड वर्षाने एक दिवस सगळी पाने मऊ पडतात. म्हणून खत, औषध, नवी कुंडी यांकडे वळण्याआधी आपले झाड कोणत्या खात्यात बसते ते ठरवायला हवे.

नावाबद्दल थोडे सांगायचा मोह आवरत नाही, भाषा शिकवणाऱ्याची ती सवयच असते. या कुळाचे शास्त्रीय नाव पॅफिओपेडिलम. सायप्रसमधल्या पॅफोस या गावाच्या नावाला पादत्राणाचा ग्रीक शब्द जोडून ते तयार झाले. आपल्याकडे फारसी-उर्दूतला 'पापोश' मराठीत येऊन 'पायपोस' झाला, आणि कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नसतो तो हाच. तेव्हा या फुलाला पायपोस-फूल म्हणायला हरकत नसावी. त्या पिशवीत मध नसतो. फसून आत पडलेल्या माशीला मागच्या अरुंद वाटेने बाहेर पडावे लागते आणि जाता जाता ती परागांचा गोळा पाठीवर घेऊन जाते.

आता स्वभावाकडे येऊ. या कुळात ऐंशीहून अधिक जाती आहेत, पण आपल्या घरांत येणारी बहुतेक रोपे चट्टेरी पानांची, 'मॉडी' प्रकारची संकरित असतात. पहिली मॉडी १९०० साली इंग्लंडमध्ये नोंदली गेली. तिच्या दोन मूळ जातींपैकी एक थायलंड-इंडोचीन भागातली आणि दुसरी बोर्निओची, म्हणजे दोन्ही उबदार मुलखातल्या. त्यामुळे आपल्या हवेत हीच त्यातल्या त्यात निभावतात.

पॅफिओपेडिलमला डेंड्रोबियमसारखे पाणी साठवणारे फुगीर खोड नसते. जमिनीलगत पंख्यासारखा पानांचा एक जुडगा असतो. त्याच्या मधून फुलाचा दांडा येतो आणि फूल आले की त्या जुडग्याचे काम संपते. त्याला पुन्हा फूल येत नाही, मधून नवे पानही येत नाही. पुढची सगळी वाढ त्याच्या बुडाशी बाजूने येणाऱ्या फुटव्याची असते. तो फुटवा फुलण्याजोगा व्हायला चट्टेरी पानांच्या प्रकारात साधारण वर्ष ते दोन वर्षे लागतात. एका दांड्यावर अनेक फुले देणाऱ्या लांब पट्टीसारख्या पानांच्या जातींत आणखी जास्त. बियाण्यापासून केलेले अशा जातीचे रोप फुलायला दहा वर्षेही घेते.

नर्सरीतून आपण आणतो ते रोप बहुधा फुललेले असते, म्हणजे त्याचा जुडगा आपल्या घरी येतो तेव्हाच त्याची पाने येऊन संपलेली असतात. घरची मंडळी रोज त्याच जुडग्याच्या मध्यात डोकावतात आणि म्हणतात, "सहा महिने झाले, एक पान नाही." ते पान तिथे येणारच नाही. नजर बुडाशी वळवायला हवी. तिथे हिरवे टोक डोकावत असेल तर झाडाचे ठीक चालले आहे. जुना जुडगाही कापू नये. त्याची पाने हिरवी आहेत तोवर तो नव्या फुटव्याला पोसतो.

आणखी एक. फॅलेनॉप्सिसची हजारो रोपे प्रयोगशाळेत एकाच झाडापासून तंतोतंत सारखी बनवतात. स्लिपर ऑर्किडच्या बाबतीत हे तंत्र सहज चालत नाही, त्यामुळे रोपे बियांपासून किंवा झाड विभागून करावी लागतात. म्हणून ते महाग असते, आणि म्हणूनच एकाच फळातल्या बियांची दोन रोपे सख्ख्या भावंडांसारखी असतात: एक झपझप वाढते, दुसरे बसून राहते. नणंदेच्या रोपाशी आपल्या रोपाची तुलना करून जीव जाळू नये.

मग अडलेले ओळखायचे कसे? मोजून. दर महिन्याच्या एक तारखेला सर्वांत नव्या पानाची लांबी मुलांच्या कंपासमधल्या पट्टीने मोजा आणि कुंडीच्या पाटीवर पेन्सिलने लिहा. पेन्सिलच, कारण पेनाची शाई पाण्याने जाते. हवा बरी असताना तीन महिन्यांत आकडा हलला नाही आणि बुडाशी फुटवाही नाही, तर झाड अडले आहे. दुसरी खूण त्याहून पक्की: प्रत्येक नवे पान आधीच्या पानापेक्षा आखूड येत असेल तर झाड मागे चालले आहे, वरून कितीही हिरवे दिसो. कुंडी ओली असूनही पाने लोंबू लागली तर उशीर आधीच झालेला आहे. मात्र एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात किंवा कडक थंडीत आकडा थांबला तर घाबरू नका.

उत्तर कुंडीच्या आत असते

अडलेल्या झाडांची पाने पाहून लोक खत घालतात, फवारे मारतात. आमच्या अनुभवात दहापैकी आठ वेळा दोष मुळांत सापडतो, आणि मुळे पाहिल्याशिवाय त्याबद्दल बोलता येत नाही. लोकांना झाड कुंडीतून काढायची भीती वाटते. हात हलका असेल तर पाहण्याने झाड मरत नाही.

आमच्या नात्यातल्या एक खाला सोलापूरला राहतात. त्यांच्या धाकट्या मुलाने मस्कतला नोकरीवर जाण्याआधी हजारभर रुपये देऊन पुण्यातून त्यांना एक चट्टेरी पानांचे स्लिपर ऑर्किड आणून दिले होते, फुलासकट. फूल दोन महिने टिकले. पुढे दीड वर्ष झाड जसेच्या तसे. मुलगा व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा विचारायचा, "अम्मी, फूल आलं का?" हळूहळू खाला फोन घेऊन त्या खिडकीपासून दूर, स्वयंपाकघरात जाऊन बसू लागल्या. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही त्यांच्याकडे गेलो आणि कुंडी उचलली तेव्हा त्या कळवळून म्हणाल्या, "बेटा, उपटू नकोस. आहे तेवढं पण जाईल."

"उपटत नाही, खाला. फक्त आत बघू या. तुम्ही हात धरा."

नर्सरीची प्लॅस्टिकची लहान कुंडी एका देखण्या चिनीमातीच्या कुंडीत ठेवलेली होती, आणि त्या चिनी कुंडीला खाली भोकच नव्हते. तळाशी दोन बोटे पाणी साचलेले. वरचे मिश्रण कोरडे ठाक, म्हणून खाला रोज पाणी घालत, आणि खाली मुळे पाण्यात. काढून पाहिले तर मिश्रणाचा चिखल झालेला, वास नाल्यासारखा. मधोमध स्पंजसारखा शेवाळाचा एक गोळा. प्रयोगशाळेतून बाहेर आलेले रोपटे सुरुवातीला अशाच शेवाळात लावतात आणि पुढे तो गोळा तसाच ठेवून वरून साल भरतात. तो गोळा पाणी धरून बसतो आणि झाडाच्या काळजाशीच मुळे कुजतात. नवे रोप घरी आणल्यावर पहिल्या योग्य हंगामात कुंडीत बोट घालून हा गोळा आहे का ते पाहावेच.

डझनभर मुळांपैकी तीन जिवंत होती. जिवंत-मेलेले कसे ओळखायचे ते नीट समजून घ्या, कारण इथेच फसगत होते. फॅलेनॉप्सिसची मुळे पांढरी-हिरवी आणि गुळगुळीत असतात. स्लिपरची मुळे तपकिरी आणि मखमलीसारखी केसाळ, ती पाहून कित्येक जण चांगली मुळे कापून टाकतात. रंगावर जाऊ नका. बोटांनी हलके दाबा. टणक लागले तर जिवंत. पोकळ किंवा पचपचीत असेल, वरचे आवरण मोज्यासारखे सुटून हातात आले आणि आत नुसता दोरा उरला, तर मेलेले. वाढत्या मुळाचे टोक पांढरट किंवा हिरवट असते, आणि ते दिसले की समजा झाड कामाला लागले आहे. या झाडाला मुळे मोजकीच असतात आणि मोडलेल्या मुळातून नवी फूट सहसा येत नाही, म्हणून जिवंत मूळ एकही गमावू नये.

मेलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापा. कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून घेतलेली बरी. दालचिनीची पूड लावण्याचा सल्ला खूप फिरतो. पानाच्या जखमेवर ती चालते, मुळांवर नको, कारण ती मुळे सुकवते. नवे मिश्रण म्हणजे माती नव्हे. लाल माती, शेणखत, गांडूळखत यांतले काहीही नको. पाइनच्या सालीचे सेंटिमीटरभराचे तुकडे दोन वाट्या, नारळाच्या सोडणाचे तुकडे एक वाटी, थोडा लाकडी कोळसा आणि मिळाल्यास मूठभर पर्लाइट, एवढे पुरते. सोडणाचे तुकडे दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरा, कारण त्यांत क्षार बरेच असतात. काही जण डेंड्रोबियमसारखे निव्वळ विटांचे तुकडे आणि कोळसा घालतात. त्यात हे झाड तहानेने अडते. पाणी साठवायला फुगीर खोड नसल्यामुळे याला पूर्ण कोरडे पडून चालत नाही.

कुंडी मुळांच्या मापाची घ्या, पानांच्या मापाची नव्हे. दोन-तीन जुडग्यांच्या झाडालाही चार इंची कुंडी बहुधा पुरते. आपल्याकडे "मोठ्या कुंडीत झाड मोठे होते" असा समज पक्का आहे. गुलाबाचे आम्हाला माहीत नाही, पण स्लिपर ऑर्किड मोठ्या कुंडीत ओले राहते आणि कुजते. आणि लावताना बूड मिश्रणाच्या सेंटिमीटरभर खाली राहील असे पाहा. या झाडाचे नवे फुटवे दरवर्षी थोडे वर चढतात. त्यांची कोवळी मुळे मिश्रणापर्यंत पोहोचण्याआधी हवेतच वाळतात, आणि मग वरून हिरवेगार दिसणारे झाड एका जागी थिजते. कुजण्याइतकेच हे कारण आम्हाला घरोघर दिसते आणि उपाय त्याहून सोपा आहे: झाड खोल लावा, किंवा बुडाशी थोडे ओले शेवाळ ठेवा.

हे मिश्रण दर वर्षा-दीड वर्षाने बदलायचे असते, ते दिसायला चांगले असले तरी. साल कुजते, बारीक होते, आंबते. आपल्याकडे बदलायची वेळ म्हणजे पाऊस पडून हवा थंडावली की, किंवा मग फेब्रुवारीत. मेच्या उन्हात मुळांना हात लावू नका. मात्र खालांच्या झाडासारखी नाल्याची दुर्गंधी येत असेल तर मुहूर्त पाहू नये.

फेकपाण्याची काटकसर

खालांच्या कुंडीच्या काठावर पांढरट थर होता आणि पानांची टोके करपलेली होती. म्हणजे प्रश्न साचलेल्या पाण्यापुरता नव्हता. विचारल्यावर कळले की झाडांना रोज आरओ मशीनचे बाहेर पडणारे पाणी जाते. बादलीभर पाणी फुकट घालवायचे नाही हा त्यांचा कायदा, आणि सोलापुरात राहणाऱ्याने तो करावाच. पण मशीन जे क्षार पिण्याच्या पाण्यातून काढते ते या फेकपाण्यातच जातात. आरओ दुरुस्त करणाऱ्या मुलाकडचा टीडीएस मीटर लावून पाहिला: बोअरचे पाणी सातशेच्या वर, फेकपाणी अकराशेच्या आसपास, पिण्याचे ऐंशी. स्लिपर ऑर्किडला दोनशेच्या आतले पाणी मानवते. म्हणजे मुळांना दीड वर्ष खारे पाणी मिळत होते. खारट मिश्रणात मूळ पाणी ओढू शकत नाही आणि त्याचे टोक जळते.

ते फेकपाणी फरशी पुसायला, संडास धुवायला वापरावे. ऑर्किडला पिण्याचे आरओ पाणी किंवा पावसाचे पाणी द्यावे. एका झाडाला आठवड्याला पेला-दोन पेले लागतात, तेवढे घराला जड नाही. कोकणातल्या वाचकांना तर पागोळीखाली पिंप ठेवले की काम झाले, फक्त पहिल्या पावसाचे कौलांवरची धूळ धुऊन येणारे पाणी सोडून द्यावे. पाणी 'मऊ' करणाऱ्या मशीनचे पाणी मात्र नको. त्यात चुना जातो आणि मिठातले सोडियम येते, ते आणखी वाईट.

किती वेळा पाणी घालावे याला आठवड्याचा हिशेब नसतो. कबाबची एक लाकडी सीख कुंडीत तळापर्यंत खोचून ठेवा. पाणी घालण्याआधी ती काढून गालाला लावा. गार-ओली लागली तर थांबा, जेमतेम दमट लागली तर घाला. घालाल तेव्हा खालून वाहून जाईल इतके घाला आणि बशीत साचलेले ओतून टाका. फजरनंतरची वेळ उत्तम. रात्री पानांच्या मध्यात पाणी साचून राहिले तर तिथून सड सुरू होते, म्हणून तिथे चुकून पडलेले थेंब कागदाने टिपून घ्यावेत.

खालांच्या झाडाची पुढची हकिकत अशी की त्याला लहान कुंडी, नवे मिश्रण आणि पिण्याचे पाणी मिळाले. पहिले चार महिने काहीच झाले नाही, उलट खालचे एक पान पिवळे पडले. पाचव्या महिन्यात बुडाशी फुटवा दिसला, आणि त्याची आता बोटभर लांबीची तीन पाने झाली आहेत. फूल अजून नाही. पण खाला फोन घेऊन खिडकीशी जातात आणि मुलाला तो फुटवा दाखवतात.

ऊन, उष्मा आणि खत

उजेडाची परीक्षा सोपी आहे. दुपारी झाडावर वीतभर अंतरावर हात धरा. सावलीची कड धूसर दिसली तर उजेड योग्य आहे. सावलीच पडत नसेल तर अंधार, आणि कड चाकूसारखी धारदार असेल तर ऊन जास्त. अंधारातले झाड गडद हिरवे, लांबुळके, लोळणारे होते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते. जास्त उन्हातले पिवळट दिसते. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेच्या खिडकीत असरच्या वेळचे तिरपे ऊन येते, तिथे पातळ पडदा हवा.

आमच्या मते महाराष्ट्रात खरा शत्रू उष्मा आहे. या झाडाला दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री त्याहून सात-आठ अंश कमी असे हवामान आवडते. ३५च्या वर पारा गेला की ते वाढ आवरून घेते. मराठवाडा, विदर्भ, सोलापूर या भागांत मार्च ते जून हा त्याचा झोपेचा काळ समजावा. तेव्हा खत बंद, आणि कुंडी खिडकीतून उतरवून आतल्या खोलीत, फरशीवर, माठाच्या शेजारी ठेवावी. तिथली हवा दोन-तीन अंशांनी तरी थंड आणि ओलसर असते. कूलर असेल तर त्या खोलीत ठेवा, पण झोताच्या समोर नको. कोकणात उलट अडचण: जून ते सप्टेंबर हवा ओली, आकाश काळे, मिश्रण वाळतच नाही. तिथे पाणी निम्म्याने कमी करा, पंख्याचे हलके वारे द्या आणि रात्री विजेरी घेऊन गोगलगाई शोधा, त्या मुळांची कोवळी टोके खातात.

खताबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात आणि त्याचे महत्त्व सर्वांत कमी आहे. मुळे नसलेल्या झाडाला खत देणे म्हणजे दात नसलेल्याला ऊस देणे. नवी मुळे दिसली की शेती सेवा केंद्रात मिळणारे १९:१९:१९ पुरते, चार लिटर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. निव्वळ आरओचे किंवा पावसाचे पाणी देत असाल तर कॅल्शियम मिळत नाही, म्हणून एक पाळी सोडून त्याच मात्रेत कॅल्शियम नायट्रेट द्या. दोन्ही एकाच पाण्यात कालवू नका. महिन्यातून एकदा साध्या चांगल्या पाण्याने कुंडी भरपूर धुऊन काढा. पानांच्या बगलेत कापसासारखे काही दिसले तर ते पिठ्या ढेकूण, कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसून घ्या आणि आठवड्याने पुन्हा पाहा.

एका वेळी एकच बदल करा. मुळे कुजलेली सापडली तर गोष्ट वेगळी, तेव्हा सगळेच बदलावे लागते. नाहीतर जागा, पाणी, खत हे सगळे एका शुक्रवारी बदलले तर दोन महिन्यांनी झाड सुधारले कशाने किंवा बिघडले कशाने हे कळायला मार्ग राहत नाही. बदल करा, पाटीवर तारीख लिहा, सहा-आठ आठवडे थांबा.

काही झाडांवर मात्र आपल्याकडे इलाजच नसतो. शिलाँग, सिक्कीम, अरुणाचलच्या डोंगरांतल्या हिरव्या पानांच्या जाती, इन्सिग्ने, व्हिलोसम, फेरिएनम, यांना थंड रात्री हव्यात. मुंबईच्या फ्लॅटमध्ये त्या जगतात, पण रुसून. महाबळेश्वर-पाचगणीला कुणी असेल तर त्यांना देऊन टाकणे हाच त्यांच्यावरचा उपकार.

आणि सहलीत रस्त्याकडेला, कुंडीशिवाय, ओल्या शेवाळात गुंडाळून कुणी असे झाड विकत असेल, पाने किड्यांनी खाल्लेली, मुळे तुटलेली, नावाची पाटी नाही, तर ते बहुधा जंगलातून उपटलेले असते. पॅफिओपेडिलमच्या सगळ्या जाती १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातही त्या सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. दक्षिण भारतात रानात उगवणारी यांतली एकच जात, ड्रुरी, अगस्त्यमलाईच्या डोंगरांत आहे, आणि शौकिनांच्या हव्यासाने ती नामशेष होण्याच्या काठावर आली. शिवाय असे उपटलेले झाड घरी वाढत नाही. त्याची मुळे डोंगरावरच राहिलेली असतात.

शेवटी एक प्रश्न, जो बहिणी हमखास विचारतात: झाड चांगले झाले, आता लेकीच्या सासरी द्यायला त्याचे दोन भाग करू का? प्रत्येक भागाला निदान तीन जुडगे आणि स्वतःची मुळे येणार असतील तर करा, म्हणजे झाडाला सहा जुडगे होईपर्यंत थांबा. एक-दोन जुडग्यांचा तुकडा तोडला तर दोन्ही घरी तीच तक्रार सुरू होते. तोडताना सुरी नको. झाड कुंडीतून काढून हाताने हलके वाकवा, जिथे सुटायचे असेल तिथे ते आपोआप सुटते. सुटले नाही तर तसेच परत लावा आणि लेकीला नर्सरीतून दुसरे आणून द्या, बुडाशी फुटवा असलेले.